रक्ताचा सामू आणि उपवासाचे ताट

मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला स्वतःच्या रक्तदाबाचा आकडा सांगता येईलच असे नाही, पण शेताचा सामू त्याला ठाऊक असतो. माती परीक्षणाच्या पत्रिकेवर नत्र, स्फुरद, पालाशाच्या ओळीत हा आकडाही असतो. सात म्हणजे उदासीन, त्याच्या खाली आम्लधर्मी, वर अल्कधर्मी. नांदेड-लातूरकडच्या काळ्या रानाचा सामू बहुधा साडेसात ते साडेआठच्या दरम्यान भरतो. म्हणजे आमची जमीन मुळातच अल्कधर्मी. हा आकडा वाढला म्हणून कुणी पेढे वाटत नाही. चुनखडीच्या रानात सोयाबीन कोवळेपणीच पिवळे पडते, उसावर केवडा दिसतो. मातीत लोह असते, पण अल्कधर्मी मातीतून ते मुळांना उचलता येत नाही. सोडियम साचून सामू साडेआठच्या वर गेला, की जमीन चोपण होते. मग पाऊस पडला तर पाणी मुरत नाही आणि वाळल्यावर ढेकूळ फुटत नाही.

सामू वाढला तर काय होते हे इतके जवळून पाहणाऱ्या या मुलखात गेल्या काही वर्षांत शरीराचा सामू वाढवण्याची हौस आली आहे. ‘शरीर आम्लधर्मी झाले की रोग होतात, अल्कधर्मी झाले की जातात’ हे वाक्य मोबाइलवरून घरोघरी पोचले आहे. कोणत्या पदार्थाने आम्ल वाढते आणि कोणत्याने घटते याचे रंगीत तक्ते स्वयंपाकघरात चिकटवलेले दिसतात. त्यापुढची पायरी म्हणजे ‘अल्कलाइन उपवास’: सात किंवा दहा दिवस धान्य, डाळ, दूध बंद, फक्त फळे, भाज्यांचे रस, लिंबूपाणी आणि लघवी तपासायची रंगीत पट्टी.

या विषयाकडे मी वळलो तो एका घरगुती प्रसंगाने. लातूरला राहणारी माझी मावशी वीस वर्षांपासून मधुमेही, त्यातली आठ वर्षे इन्सुलिनवर. नवरात्राच्या सुमारास ती अशाच एका शिबिराला गेली. शरीर अल्कधर्मी झाले की इन्सुलिनची गरज उरत नाही, असे तिला सांगण्यात आले. तिने ते बंद केले. तिसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, धाप लागली, श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास येऊ लागला. ‘आतले विष बाहेर पडते आहे, घाबरू नका’ असा निरोप मिळाला. रात्री मावसभावाने तिला रुग्णालयात नेले. रक्ताचा सामू ७.१ निघाला. अंगातले आम्ल काढायला गेलेल्या मावशीचे रक्त आयुष्यात पहिल्यांदा खरोखर आम्लाकडे गेले होते.

हे कसे झाले, ते समजून घेण्याचा हा प्रयत्न आहे.

एक शब्द, दोन गोष्टी

पहिला घोटाळा भाषेचा आहे. ‘मला ॲसिडिटी झाली’ असे आपण दिवसातून दहा जणांकडून ऐकतो. छातीत जळजळ, आंबट ढेकर, डोके जड होणे हे सारे त्या शब्दात येते. आजीच्या भाषेत ते ‘पित्त खवळणे’ होते, वैद्यांच्या भाषेत ‘आम्लपित्त’. इंग्रजी शब्द आला तसा आपण तो त्या जुन्या दुखण्यावर चिकटवला. आता कुणी ‘शरीरात ॲसिड वाढले आहे’ म्हटले की आपल्याला ते लगेच पटते, कारण ती जळजळ आपण अनुभवलेली असते.

पण जळजळ होते ती जठरात आणि अन्ननलिकेत. जठर आम्लासाठीच घडलेले आहे. तिथल्या रसाचा सामू दीड ते साडेतीन असतो, म्हणजे लिंबाच्या रसाइतका किंवा त्याहूनही आंबट. रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात राहतो. एक दुसऱ्यात मिसळत नाही. उलट, जठराच्या पेशी आम्ल जठरात सोडतात तेव्हा तेवढेच बायकार्बोनेट रक्तात टाकतात. त्यामुळे भरपेट जेवणानंतर रक्त काही काळ किंचित अधिक अल्कधर्मी होते. सतत उलट्या होणाऱ्याच्या पोटातले आम्ल वाहून जाते आणि त्याचे रक्त अल्कतेकडे झुकते. जुलाबात आतड्यातले अल्क वाहून जाते आणि रक्त आम्लाकडे झुकते. तेव्हा पोटातल्या ‘ॲसिडिटी’वरून रक्ताची परीक्षा करणे म्हणजे विहिरीच्या पाण्यावरून आडाच्या पाण्याची चव सांगणे.

आपल्या जुन्या वैद्यकाला अल्काची ओळख चांगली होती. आघाड्यासारख्या वनस्पती जाळून, त्यांची राख पाण्यात कालवून, गाळून, आटवून क्षार काढण्याची रीत सुश्रुतसंहितेत सविस्तर दिलेली आहे. शस्त्राला पर्याय म्हणून तो वापरला जाई, कारण अल्क मांस जाळते. चरकसंहितेच्या विमानस्थानात पहिल्याच अध्यायात तीन पदार्थ अति वापरू नयेत असे बजावले आहे: पिंपळी, क्षार आणि मीठ. रोज क्षार खाणाऱ्यांना दृष्टिदोष, टक्कल, अकाली पिकणे असे विकार होतात, असे तिथे म्हटले आहे. ही कारणमीमांसा आज जशीच्या तशी मान्य होणार नाही. पण क्षार जितका अधिक तितके बरे, असे आपल्या परंपरेने म्हटलेले नाही, एवढे त्यातून निश्चित दिसते.

राखेचे शास्त्र

मग लिंबू अल्कधर्मी आणि ज्वारी आम्लधर्मी, हे तक्ते आले कुठून? त्यांचे मूळ राखेत आहे. ‘अल्कली’ हा शब्दच अरबीतून आलेला, आणि त्याचा अर्थ खाऱ्या जमिनीतल्या झुडपांची राख. आपल्याकडे भांडी राखेने घासत, केळीच्या खुंटाची राख कपडे धुवायला घेत, ती याच गुणामुळे. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हळदीत चुना कालवून कुंकू होते, हाही अल्काचाच खेळ. वसमत-नांदेडच्या हळदबाजारात वाढलेल्या माणसाला प्रयोगशाळेतला रंगदर्शक वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शास्त्रज्ञ अन्नपदार्थ जाळून त्यांची राख तपासू लागले. १९१२ मध्ये अमेरिकेत शेर्मन आणि गेटलर यांनी कोणत्या अन्नात आम्लकारक मूलद्रव्ये अधिक आणि कोणत्यात अल्ककारक, याचे कोष्टक प्रसिद्ध केले. गंधक आणि स्फुरद असलेली प्रथिने शरीरात जळली की सल्फ्युरिक, फॉस्फरिक आम्ल उरते. म्हणून धान्य, डाळी, अंडी, मांस आम्लाच्या बाजूला. फळे-भाज्यांत पोटॅशियम असते आणि ते सेंद्रिय आम्लांशी जोडलेले असते. लिंबातले सायट्रिक आम्ल तोंडाला आंबट लागते, पण यकृतात ते जळून जाते आणि मागे बायकार्बोनेट उरते. म्हणून लिंबू अल्काच्या बाजूला. रेमर आणि मान्झ यांनी १९९५ मध्ये हा हिशेब सुधारून मूत्रपिंडावर पडणारा आम्लभार आकड्यांत मांडला. आजचे तक्ते म्हणजे या हिशेबाची पुष्कळदा बिघडलेली नक्कल.

म्हणजे तक्त्यामागे शास्त्र मुळीच नाही असे नाही. ते शास्त्र लघवीत काय उतरते याचे आहे. रक्तात काय होते, हा निराळा प्रश्न आहे, आणि तक्ता त्याबद्दल काही सांगत नाही.

दोन पहारेकरी

सामू हे माप जन्मले कोपनहेगनमध्ये. कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत सोरेन्सन या रसायनशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये ते मांडले. या मापाची एक खोच लक्षात ठेवावी लागते: आकडा एकने उतरला की आम्लता दहापट होते. ७.४ वरून ७.१ हा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण त्यात रक्तातले हायड्रोजन आयन जवळजवळ दुप्पट होतात. मावशीच्या बाबतीत हेच घडले होते.

निरोगी माणसात असे होत नाही, कारण रक्ताला दोन पहारेकरी आहेत. पहिला फुप्फुसे. आपण दिवसभरात जाळतो त्या अन्नातून सुमारे पंधरा हजार मिलिमोल कार्बन डायऑक्साइड तयार होतो. वजनात तो सहाशे-सातशे ग्रॅम भरेल. पाण्यात विरघळला की तो कार्बोनिक आम्ल होतो. आम्ल वाढले तर श्वास खोल आणि जलद होतो, वायू बाहेर जातो आणि काही मिनिटांत तोल सावरतो. दुसरा पहारेकरी मूत्रपिंडे. श्वासाने बाहेर टाकता न येणारे आम्ल दिवसाला पन्नास ते शंभर मिलिमोल असते. ते मूत्रपिंडे लघवीतून काढतात आणि खर्ची पडलेले बायकार्बोनेट नव्याने रक्तात भरतात. हे काम सावकाश, तास-दिवसांच्या हिशेबाने चालते. दोघांच्या मध्ये बायकार्बोनेट, हिमोग्लोबिन, प्रथिने ही शिबंदी असते. ती येणारे आम्ल तात्पुरते झेलून धरते.

लघवीच्या पट्टीचे रहस्य इथे उलगडते. रक्ताचा सामू एका दशांशात स्थिर राहावा म्हणून लघवीचा सामू साडेचारपासून आठपर्यंत हवा तसा फिरतो. सकाळी पपई-संत्री खाल्ली आणि दुपारी पट्टी हिरवी-निळी झाली, तर त्याचा अर्थ मूत्रपिंडांनी जास्तीचे अल्क बाहेर टाकले एवढाच. धरणाचे दरवाजे उघडले म्हणून नदीला पाणी आले, तर तेवढ्यावरून धरणाची पातळी वाढली असे कुणी म्हणत नाही.

रक्तातला एकच आकडा वाचून निष्कर्ष काढणे किती महागात पडते, याचा धडाही कोपनहेगननेच दिला. १९५२ साली तिथे पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण ब्लेगडॅम रुग्णालयात मरत होते. त्यांच्या रक्तात बायकार्बोनेट वाढलेले दिसे, म्हणून डॉक्टरांना वाटले की हा कसला तरी अनाकलनीय अल्कविकार आहे. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने ओळखले की हे अल्क नव्हे. श्वास पुरत नसल्याने कार्बन डायऑक्साइड साचला आहे आणि रक्त आम्ल झाले आहे. त्याने बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेत नळी घालून रबरी पिशवीने हाताने श्वास दिला आणि ती वाचली. मग सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून रुग्णांच्या उशाशी पिशव्या दाबत बसले. आजच्या अतिदक्षता विभागांचा उगम याच घटनेत मानतात. सामूचा प्रश्न जीवन-मरणाचा कधी होतो, हे इथे दिसते: पहारेकरी पडला तर. ताटात ज्वारीची भाकरी आली म्हणून तो तसा होत नाही.

उपाशी ससा

आता खुद्द उपवासाकडे येऊ. उपवासाने शरीर अल्कधर्मी होते, हा दावा एकोणिसाव्या शतकातच एका सशाने खोटा ठरवला आहे. पॅरिसमध्ये क्लोद बेर्नार या शरीरक्रियाशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत बाजारातून काही ससे आणले. गवत खाणाऱ्या प्राण्यांची लघवी गढूळ आणि अल्कधर्मी असते. या सशांची मात्र स्वच्छ आणि आम्लधर्मी निघाली, मांसाहारी प्राण्यांसारखी. बेर्नार चकित झाला. मग त्याच्या लक्षात आले की ससे बराच वेळ उपाशी असावेत. त्याने त्यांना गवत दिले. लघवी पुन्हा गढूळ, अल्कधर्मी. उपाशी ठेवले, पुन्हा आम्ल. घोड्यावरही त्याने तेच करून पाहिले. १८६५ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात त्याने निष्कर्ष दिला: उपाशी असताना प्रत्येक प्राणी मांसाहारीच असतो, कारण तो स्वतःच्या शरीरावर जगतो.

माणसाचेही तसेच. जेवण थांबल्यावर साधारण दिवसभरात यकृतातला साखरेचा साठा संपत येतो. मग चरबी जळू लागते आणि यकृत तिच्यापासून कीटोन तयार करते. त्यांतली दोन प्रमुख कीटोने ही आम्लेच आहेत. तिसरे ॲसिटोन, ज्याचा वास उपाशी माणसाच्या श्वासाला येतो. निरोगी माणसात इन्सुलिन या कीटोनांना लगाम घालते. बायकार्बोनेट काही अंशांनी उतरते, श्वास किंचित खोल होतो आणि सामू फारसा हलत नाही. पण वाटचाल होते ती आम्लाकडे.

म्हणून ‘अल्कलाइन उपवास’ या जोडशब्दातले दोन्ही घटक परस्परांविरुद्ध ओढतात. उपवास जेवढा कडक, तेवढे आम्ल अधिक. जर्मनीत १९९० च्या दशकात याच विचाराचा ‘बाझेनफास्टेन’ नावाचा प्रकार निघाला, त्यात फळे आणि भाज्या पोटभर खातात. म्हणजे त्यातला अल्कधर्मी भाग खाण्याचा असतो, उपवासाचा नव्हे.

आपल्या एकादशीच्या ताटाला हा तक्ता लावून पाहिला तर गंमत होते. बटाटा, रताळे, केळे, खजूर अल्काच्या बाजूला. शेंगदाणे, भगर, दही आम्लाच्या बाजूला. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिठूळ, कुणाच्याच बाजूला ठामपणे नसलेला. आषाढीला पंढरीला जाणारा किंवा नवरात्रात माहूरच्या रेणुकेचे नऊ दिवस धरणारा माणूस हा हिशेब करत नाही. त्याचे व्रत सामूवर उभे नाही, म्हणून सामूने ते मोडतही नाही.

येरवडा आणि आगाखान पॅलेस

महाराष्ट्राच्या भूमीवर उपवासाची जेवढी बारकाईने वैद्यकीय नोंद गांधीजींच्या निमित्ताने झाली, तेवढी क्वचितच झाली असेल. १९३२ चा येरवडा तुरुंगातला उपवास, १९३३ चा पुण्यातला एकवीस दिवसांचा, आणि १० फेब्रुवारी ते ३ मार्च १९४३ चा आगाखान पॅलेसमधला एकवीस दिवसांचा. शेवटच्या वेळी मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. गिल्डर, डॉ. सुशीला नय्यर आणि कलकत्त्याहून आलेले डॉ. बिधानचंद्र रॉय त्यांच्यावर लक्ष ठेवून होते.

उपवास कसा करावा याचे नियम गांधीजींनी डिसेंबर १९२५ मध्ये ‘यंग इंडिया’त लिहिले होते. त्यात उकळून गार केलेले पाणी भरपूर प्यावे, हवे तर त्यात मीठ आणि सोडा घालावा, असे सांगितले आहे. त्याला घाबरण्याचे कारण नाही, बहुतेक पाण्यात हे क्षार असतातच, असेही म्हटले आहे. हा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, उपवासात रक्तातून खर्ची पडणारे नेमके तेच द्रव्य. १९४३ मध्ये त्यांनी व्हाइसरॉयना कळवले की एरवी आपण पाण्यात क्षार घालून घेतो, पण आता नुसते पाणी घशाखाली उतरत नाही, म्हणून लिंबूवर्गीय फळांचा रस घालू. रसायनाच्या दृष्टीने दोन्ही वाटा एकाच ठिकाणी जातात: सोडा सरळ, लिंबाचा रस यकृतातून फिरून.

तरीही आम्ल व्हायचे ते होतेच. जानेवारी १९४८ च्या दिल्लीतल्या शेवटच्या उपवासात त्यांच्या लघवीत ॲसिटोन दिसू लागले. सुशीलाबेननी ते सांगितल्यावर गांधीजींनी त्याचे कारण आपली रामावरची श्रद्धा अपुरी असण्यात शोधले, आणि रामाचा याच्याशी संबंध नाही असे म्हणत सुशीलाबेननी त्यांना शरीरातली प्रक्रिया समजावली, अशी आठवण नोंदलेली आहे. त्या संवादात दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक होते. उपवास कशासाठी, हे एकाने ठरवले होते. उपवासात काय घडते, हे दुसरी सांगत होती. आजच्या शिबिरांत या दोन प्रश्नांची सरमिसळ होते आणि व्रताची श्रद्धा रसायनाच्या दाव्याला तारण म्हणून ठेवली जाते.

पाण्याचा सामू

अल्कधर्मी उपवासाच्या पाठोपाठ अल्कधर्मी पाणी येते. नऊ-साडेनऊ सामूचे पाणी देणारी यंत्रे आता आमच्याकडेही विकली जातात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्यालेल्या लातुरात पाण्याचा असा थाटमाट पाहून मन थबकते. आमच्या बेसाल्ट खडकातल्या बोअरचे पाणी मुळातच अल्कधर्मी, बायकार्बोनेटयुक्त असते. आधी आपण ते गाळणी यंत्रातून काढून त्यातले क्षार घालवतो, आणि मग क्षार परत घालण्यासाठी दुसरे यंत्र घेतो. त्या पाण्याची अल्कता जठरातल्या आम्लाशी गाठ पडताच संपते.

पाणी अल्कधर्मी आहे म्हणजे ते आरोग्यदायी आहे, असेही नाही. बायकार्बोनेट अधिक आणि कॅल्शियम कमी असलेल्या पाण्यात खडकातले फ्लोराइड जास्त विरघळते. दात पिवळे-तपकिरी करणारा, पुढे हाडे जखडून टाकणारा फ्लोरोसिस नांदेड जिल्ह्यातल्या काही गावांनी अनुभवला आहे. आणि अल्कतेची परिसीमाच पाहायची तर मराठवाड्याच्या सीमेजवळचे लोणार सरोवर आहे. त्याचा सामू दहाच्या आसपास. तिथे विशिष्ट सूक्ष्मजीव आणि शेवाळे सुखाने नांदतात, मासा नाही.

खरे काय उरते

एवढे झाल्यावर या विचारात काहीच तथ्य नाही असे म्हणून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. मूत्रपिंडे खूप निकामी झालेल्या माणसात आम्ल खरोखर साचते. अशा रुग्णांना सोडियम बायकार्बोनेट दिल्याने मूत्रपिंडांची घसरण मंदावते, असे २००९ मध्ये लंडनमधील एका अभ्यासात दिसले. युरिक आम्लाचे मुतखडे लघवी अल्कधर्मी केल्याने विरघळू शकतात. त्यासाठी डॉक्टर पोटॅशियम सायट्रेट देतात. पण ही औषधे आहेत. ती मोजून, रक्त तपासून द्यायची असतात.

बाकीच्या दाव्यांचे काय? आम्लधर्मी आहाराने हाडे विरघळतात, हा दावा तानिस फेंटन यांनी उपलब्ध अभ्यास एकत्र करून तपासला; २०११ मध्ये त्यांना त्याला आधार सापडला नाही. अल्कधर्मी आहार वा पाण्याने कर्करोग टळतो किंवा बरा होतो, या दाव्याचीही त्यांनी २०१६ मध्ये अशीच छाननी केली आणि निष्कर्ष तोच निघाला. या पंथाचा मोठा प्रचारक, अमेरिकेतला रॉबर्ट यंग, २०१६ मध्ये परवान्याशिवाय वैद्यकी केल्याबद्दल दोषी ठरला. त्याच्या सल्ल्यावर विसंबून कर्करोगाचे उपचार टाळलेल्या एका स्त्रीला २०१८ मध्ये न्यायालयाने दहा कोटी डॉलरहून अधिक भरपाई मंजूर केली.

मग शिबिरातून आलेल्या अनेकांना बरे का वाटते? त्यांनी आठवडाभर तळलेले, गोड, खारट सोडलेले असते. भाज्या-फळे खाल्लेली असतात, वेळेवर झोपलेले असतात, दोन-तीन किलो वजन उतरलेले असते. रक्तदाब आणि साखर यांवर या सगळ्याचा चांगला परिणाम होतोच. त्यासाठी सामूचे नाव घ्यावे लागत नाही, आणि ज्वारी व तूर यांना गुन्हेगार ठरवावे लागत नाही. डाळींचा आम्लभार मांस किंवा चीजच्या मानाने थोडा आहे, आणि या भागातल्या गरीब घरात प्रथिने येतात ती डाळीतूनच. तूर पिकवणाऱ्या लातूरच्या माणसाला वरण सोडायला सांगणे हे त्याच्या ताटातले मोठे नुकसान आहे.

धोका कुणाला, हे मात्र स्पष्ट सांगितले पाहिजे. इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेहींनी, विशेषतः लहानपणापासूनच्या मधुमेहींनी, उपवासासाठी इन्सुलिन स्वतःहून कधीही थांबवू नये. साखर कमी असली तरी कीटोनांचा लगाम तेच असते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांचे रक्त लांबलेल्या उपवासात साखर फारशी न वाढताही आम्ल होऊ शकते. त्यांनी उपवासापूर्वी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. मूत्रपिंडाच्या रुग्णांना नारळपाणी, फळांचे रस, पालेभाज्यांचे रस यांतल्या पोटॅशियमने हृदयाची गती बिघडू शकते. गर्भवती, लहान मुले, अशक्त वृद्ध यांच्यासाठी हे प्रयोग नाहीत. उलट्या, पोटदुखी, खोल आणि जलद श्वास, श्वासाला फळासारखा वास, गुंगी यांतले काहीही दिसले तर ते ‘विष बाहेर पडणे’ नसते. तो खोल श्वास म्हणजे पहिला पहारेकरी जिवाच्या आकांताने लढत असतो. जर्मन वैद्य कुसमाऊल याने १८७४ मध्येच मधुमेही रुग्णांत हा श्वास ओळखून त्याचे वर्णन केले होते.

मावशी वाचली. शिरेतून द्रव, इन्सुलिन, पोटॅशियम, आणि दोन दिवसांत सामू ७.३८ वर. घरी आल्यावर तिने एकादशी सोडली नाही, मलाही ती सोडवायची नव्हती. डॉक्टरांना विचारून तिने इन्सुलिनची मात्रा त्या दिवसापुरती ठरवून घेतली आहे. दुपारी थोडी भगर, शेंगदाण्याची आमटी आणि एक फळ घेते. स्वयंपाकघरातला रंगीत तक्ता तिने स्वतःच काढला. त्या जागी आता मावसभावाच्या शेताची माती परीक्षणाची पत्रिका टाचलेली आहे. त्यावर सामू ८.१ आहे, आणि शेणखत घालून तो थोडा खाली आणावा असे मायलेकांचे चालले आहे.